तुरीच्या दाण्यातलं लोह

परतवाड्याच्या बाजारात पौष-माघात तुरीचे ढीग पडू लागले, की खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर तूर काढतो, तळहातावर पसरतो आणि एखादा दाणा दाताखाली धरतो. दाणा कडकन फुटला तर ओल कमी. मग तो रंग पाहतो, टपोरेपणा पाहतो, माती-खडा आणि किडका दाणा किती ते पाहतो, आणि बोली लागते. त्या दाण्यात लोह किती आणि जस्त किती हे मात्र दाताला कळत नाही, डोळ्यालाही दिसत नाही. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, व्यापारी ते विचारत नाही, आणि घरी वरण शिजवणाऱ्या बाईला ते समजायला काही मार्ग नाही. कडधान्यांतली खनिजं वाढवणारे वाण तयार करण्याच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे. ज्या गुणासाठी ही खटपट करायची, तो गुण कुणालाच दिसत नाही.

आणि गरज तर इथेच आहे. परतवाड्याहून निघालेला एक रस्ता चिखलदऱ्याला चढतो, दुसरा सेमाडोहवरून धारणीला जातो. हे मेळघाट. तिथल्या कुपोषणाच्या बातम्या गेली तीस वर्षं महाराष्ट्र वाचतो आहे. पण रक्तक्षयासाठी डोंगर चढायचीही गरज नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयाचे निघाले. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, जंत असतात, सिकलसेल असतो, लागोपाठची बाळंतपणं असतात. लोहाची कमतरता हे त्यांतलं एक मोठं कारण. वऱ्हाडातलं रोजचं जेवण म्हणजे भाकर किंवा पोळी, तुरीचं वरण, कधी पिठलं, कधी आंबाडीची भाजी. मटण-मासे रोजच्या ताटात नसतात. म्हणजे अंगात जाणारं बहुतेक लोह धान्यातून आणि डाळीतूनच यायला हवं.

डाळीत ते असतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत १०० ग्रॅम तूरडाळीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम आहे, हरभऱ्याच्या डाळीत सुमारे ६. पैदासकार हेच माप पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. तूरडाळ ४० पीपीएम, म्हणजे अख्ख्या क्विंटलभर डाळीत सगळं मिळून ४ ग्रॅम लोह, एका मध्यम खिळ्याच्या वजनाएवढं. पैदासकाराला हवं आहे ते एवढंच, की क्विंटलमागे त्या खिळ्याचं वजन ४ ग्रॅमवरून ६ ग्रॅमवर जावं. ऐकायला हे फार थोडं वाटतं. पण ते दोन ग्रॅम दाण्यात कसे चढतात हे पाहायला लागलं की काम किती नाजूक आहे ते समजतं.

सुरुवात मातीपासून करू. आपल्या काळ्या जमिनीत लोहाची टंचाई नाही. बेसाल्ट खडक झिजून ही माती झाली आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर. पण आमची जमीन चुनखडीची, सामू म्हणजे पीएच आठच्या आसपास. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर आणखी वर. अशा जमिनीत लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. पाऊस लागून राहिला, वाफसा मोडला, की सोयाबीनची किंवा हरभऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो पिवळेपणा म्हणजे लोहाने भरलेल्या जमिनीत उभ्या असलेल्या झाडाची लोहासाठी चाललेली तगमग. अशा वेळी जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तर तेही थोड्या दिवसांत त्याच अडकलेल्या रूपात जातं. म्हणून खत टाकून दाण्यातलं लोह वाढवण्याचा मार्ग फार पुढे जात नाही.

जस्ताचं वेगळं आहे. माती परीक्षणाच्या कागदावर जस्त ०.६ पीपीएमच्या खाली दिसलं की कमतरता धरतात, आणि वऱ्हाडात असे कागद भरपूर निघतात. पण जमिनीतून झिंक सल्फेट दिलं, किंवा फुलोऱ्यात आणि दाणे भरताना त्याचं अर्ध्या टक्क्याचं द्रावण फवारलं, तर दाण्यातलं जस्त खरंच वाढतं. त्यामुळे जस्तासाठी वाण आणि खत दोन्ही हाताशी आहेत. लोहासाठी बहुतेक भार वाणावरच येतो.

वाण-वाणांत फरक पडतो तो मुळापासून. तूर, हरभरा, मूग यांची मुळं लोह मिळवायला स्वतः खटपट करतात. ती मुळाभोवतीच्या मातीत आम्लता सोडतात, तेवढ्या जागेतला सामू खाली आणतात आणि अडकलेलं लोह सुटं करतात. मग मुळाच्या सालीवरचं एक विकर त्या लोहाचं रूप बदलतं, आणि बदललेल्या रूपातलं लोह आत घेणारी वेगळी प्रथिनं असतात. हरभऱ्याच्या बाबतीत आम्लाची गोष्ट शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून आंब गोळा करणारी माणसं आपल्याकडे आहेत. पानावरची ती आंब म्हणजे प्रामुख्याने मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. जमिनीखाली हरभऱ्याची मुळंही सेंद्रिय आम्लं सोडत असतात. कुठलं झाड हे काम जोरात करतं, कुठलं मंद. हा फरक जनुकांत असतो आणि म्हणूनच तो निवडता येतो.

मुळात शिरलेलं लोह मोकळं फिरू शकत नाही. मोकळं लोह पेशीला घातक. म्हणून झाड त्याला सायट्रेटसारख्या रेणूंना बांधून वर पाठवतं. ते आधी पानांत जातं, हरितद्रव्य तयार होण्याच्या कामाला लागतं. शेंग धरली, घाटे भरू लागले, की झाड पानांतलं लोह काढून दाण्याकडे वळवतं. हा वळवण्याचा टप्पा फार महत्त्वाचा आहे. काही झाडांच्या पानांत लोह भरपूर असतं पण दाण्यात उतरत नाही, ते पानगळीबरोबर मातीत परत जातं. दाण्यात पोचलेल्या लोहाचा एक भाग फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठतो. जस्त आणि लोह यांच्या वाटा पुष्कळ ठिकाणी एकच आहेत, त्यामुळे लोह जास्त असलेल्या वाणात बहुधा जस्तही जास्त सापडतं. पैदासकाराला हे फुकटचं मिळालेलं दान आहे, कारण एका निवडीत दोन्ही पुढे सरकतात.

आता निवड करायची तर मोजावं लागणार, आणि मोजमापातच पहिले धोके आहेत. किलोमागे ४० मिलिग्रॅमचे ६० झाले का, हे पाहताना दाण्यावर चिकटलेली धूळ सगळा हिशेब बिघडवू शकते. आपल्या मातीत लोह एवढं, की खळ्यावर झोडपलेल्या हरभऱ्याच्या सालीवरची चिमूटभर माती नमुन्याला एकदम श्रीमंत करून टाकते. पोलादी पात्याच्या चक्कीत दळलं तर पात्याचं लोह पिठात उतरतं. म्हणून नमुन्याच्या शेंगा हाताने सोलतात, दाणे स्वच्छ धुऊन वाळवतात, धातूचा स्पर्श टाळतात. शिवाय त्याच नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजतात. दाण्यात ॲल्युमिनियम जवळपास नसतंच, मातीत मात्र मुबलक असतं. ते वाढलेलं दिसलं, की लोहाचा आकडाही मातीने फुगवलेला आहे असं समजायचं आणि तो नमुना बाजूला ठेवायचा. मला ही युक्ती फार आवडते. जे शोधायचं नाही ते मोजून, जे शोधायचं आहे त्याची खात्री करायची.

मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे दाणे दळून नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि द्रावण यंत्रात घालायचं. आकडा पक्का येतो, पण वेळ लागतो, पैसा लागतो, आणि दळलेला दाणा पेरता येत नाही. एकेका झाडाचे मोजके दाणे हाती असतात तेव्हा हे परवडत नाही. आता क्ष-किरणांचं एक यंत्र वापरतात. दाणे एका छोट्या पेल्यात ठेवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण टाकायचे, उलट येणाऱ्या किरणांवरून लोह आणि जस्त वाचायचं. दाणा शाबूत राहतो, काम मिनिटांत होतं. त्याचा आकडा आम्लाच्या पद्धतीइतका नेमका नसतो, पण हजार झाडांतून वरची पन्नास वेगळी काढायला पुरतो. त्या पन्नासांचा मग पक्का तपास करायचा.

एवढं सगळं झालं तरी तो आकडा एका शेताचा आणि एका हंगामाचाच. तोच वाण परतवाड्याच्या पायथ्याच्या जमिनीत एक आकडा देईल आणि दर्यापूरच्या खारवट जमिनीत दुसरा. पाऊस कमी झाला, दाणा बारीक राहिला, तरी आकडा चढतो, कारण तेवढंच लोह कमी पिठुळाला वाटलं जातं. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. पैदासकार काही तासांआड सगळ्यांना माहीत असलेला वाण लावतो आणि प्रत्येक नव्या ओळीची तुलना त्या शेजाऱ्याशी करतो. अनेक ठिकाणी, अनेक वर्षं जी ओळ शेजाऱ्याच्या वर राहते, तिच्यात लोह जास्त आहे असं म्हणायचं.

जास्त लोहाचा दाणा आणायचा कुठून? जुन्या गावरान बियांतून. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या बियाणे पेढीत हरभऱ्याचे २० हजारांच्या आसपास आणि तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने थंडीत जपून ठेवले आहेत. आपल्या अकोल्यात, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं केंद्र आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांमधून गोळा केलेलं बियाणं तिथे सांभाळलं जातं. कुण्या आजीने मडक्यात राख घालून ठेवलेला बारीक, काळपट हरभरा शेतकऱ्याला आज नको असतो, पण त्यातलं एखादं झाड लोह ओढण्यात पटाईत असू शकतं. असं झाड सापडलं की ते दाता म्हणून घ्यायचं.

दुसरा पालक कोण घ्यायचा, यावर या कामाचं यश ठरतं असं माझं मत आहे. तो शेतकऱ्याचा आवडता वाणच हवा. हरभऱ्यात उदाहरणार्थ जॅकी ९२१८. जबलपूर, अकोला आणि इक्रिसॅट यांनी मिळून काढलेला हा वाण मर रोगाला तोंड देतो, लवकर येतो, दाणा टपोरा असतो. म्हणून तो विदर्भात पसरला. गावरान दात्याकडून घ्यायचं ते फक्त लोह. बाकी सगळं जॅकीसारखं राहायला हवं.

संकराचं काम हाताचं, डोळ्याचं आणि धीराचं. हरभऱ्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागांनी फळून जातं. म्हणून कळी बंद असतानाच चिमट्याने उघडायची, आतले दहाच्या दहा पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, मग दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलातले पराग तिथे लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. कळी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची. पुष्कळ कळ्या गळून जातात. टिकलेल्या घाट्यात एक किंवा दोनच दाणे. तुरीचं फूल मोठं, पण तिथे मधमाश्यांचा प्रश्न येतो. तुरीत त्या परागांची देवाणघेवाण करतात, म्हणून निवडलेली झाडं जाळीखाली ठेवावी लागतात, नाहीतर शेजारच्या तासातलं रक्त त्यात मिसळतं.

संकराच्या पहिल्या पिढीतली झाडं सगळी एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात आणि हजारो तऱ्हा समोर येतात. लोहाचा गुण एका जनुकावर उभा नाही. मुळाचं आम्ल, आत घेणारी प्रथिनं, पानातून दाण्याकडे वळवणं, साठवण, या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा वाटा असणारी अनेक जनुकं आहेत. त्यामुळे एकदम मोठी उडी मिळत नाही, निवडत-निवडत पिढ्यांमागून पिढ्या चढायचं. हवी ती झाडं पुन्हा जॅकीशी जुळवायची, म्हणजे टपोरेपणा आणि मर प्रतिकार परत येतो, आणि प्रत्येक वेळी लोह सुटलं नाही ना ते तपासायचं. मर रोगासाठी संशोधन केंद्रावर मुद्दाम रोगट ठेवलेली जमीन असते. त्यात पेरून जे उबळतं ते जाऊ द्यायचं. हरभऱ्याचा जनुकीय आराखडा २०१३ मध्ये आणि तुरीचा त्याआधी वाचून झाला. त्यामुळे काही गुणांच्या खुणा आता कोवळ्या पानातूनच ओळखता येतात, आणि दिवसाला २० ते २२ तास दिव्याचा उजेड देऊन वर्षात हरभऱ्याच्या अनेक पिढ्याही काढता येतात. तरीही मग निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या चाचण्या, कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक म्हणजे जॉइंट ॲग्रेस्को, वाण प्रसारण समिती असं करत संकरापासून शेतापर्यंत यायला दहा-बारा वर्षं जातात.

कडधान्यांत हे काम पूर्णत्वाला गेलं आहे ते मसुरात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०१७ मध्ये पुसा अगेती मसूर काढला, लोह ६५ पीपीएम. कानपूरच्या कडधान्य संशोधन संस्थेने २०१८ मध्ये आयपीएल २२० दिला, लोह ७३ आणि जस्त ५१ पीपीएम. त्यांच्याआधीच्या चालू वाणांत लोह ४५ ते ५० आणि जस्त ३५ ते ४० होतं. पुसा अगेतीची शिफारस उत्तर प्रदेश, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशासाठी आहे. परतवाड्याहून बैतूलचा रस्ता धरला की सातपुड्यात मध्य प्रदेश लागतो, म्हणजे लोहासाठी निवडलेलं कडधान्य आमच्या वेशीवर येऊन थांबलं आहे. पण वऱ्हाड मसुराचा नाही. इथे खरिपात तूर, आता कमी झालेले मूग-उडीद, आणि रब्बीत हरभरा. वऱ्हाडी ताटात लोह पोचवायचं असेल तर ते याच पिकांतून यायला हवं, आणि ती वाट मसुराने दाखवलेली आहे.

इथे थांबून एक हिशेब करू, कारण तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. एखादी बाई दिवसाला ६० ग्रॅम तूरडाळ खाते असं धरू. त्यातून तिला सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम लोह मिळतं. डाळीतलं लोह दीडपट झालं, तर साडेतीन. वाढ एक-सव्वा मिलिग्रॅमची, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये बाईसाठी सांगितलेलं रोजचं प्रमाण आहे २९ मिलिग्रॅम. एकट्या डाळीने हे अंतर तुटणार नाही. पण त्याच ताटात जवारीची भाकर असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर २०१८ मध्ये परभणी शक्ती ही ज्वारी दिली, तिच्यात लोह ४५ पीपीएमच्या आसपास, नेहमीच्या ज्वारीत ३०. पाव किलो पिठामागे पावणेचार मिलिग्रॅम जास्त. भाकर आणि वरण दोन्ही सुधारले तर रोज पाच मिलिग्रॅम वाढतात, न सांगता, न गोळी घेता, वर्षानुवर्षं. मेळघाटात लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, त्या वाटल्याच पाहिजेत. पण गोळी खाण्याची आठवण ठेवावी लागते आणि भाकरीची ठेवावी लागत नाही.

ताटात आलेलं लोह रक्तात जातंच असं मात्र नाही. दाण्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. दाणा आपला फॉस्फरस त्यात साठवतो, कोंबाला तो पुढे लागतो. हेच फायटेट पोटात लोह आणि जस्त धरून ठेवतं आणि दोन्ही शरीराबाहेर नेतं. डाळ-भाकरीच्या जेवणातलं जेमतेम पाच ते आठ टक्के लोह अंगी लागतं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, फायटेटच कमी केलं तर? राजम्यात आणि वाटाण्यात असे कमी फायटेटचे वाण निघाले. रवांडात असा राजमा तरुण बायकांना खाऊ घातला, तेव्हा लोह शोषलं गेलं, पण तो राजमा नीट शिजत नव्हता आणि खाणाऱ्यांच्या पोटात गडबड होऊ लागली. फायटेट कमी झाल्याने दाण्याच्या शिजण्याचा गुणच बदलला होता. त्याच रवांडात लोह जास्त असलेला साधा राजमा विद्यापीठातल्या मुलींना चार महिने दिला, आणि त्यांच्या अंगातलं लोह वाढलं. पैदाशीत एक गुण ओढला की दुसरा हलतो, आणि तो चुलीवर गेल्यावरच कळतो. त्यामुळे नवा वाण शिजवून, खाऊन आणि रक्त तपासूनच स्वीकारायला हवा, निव्वळ पीपीएम बघून नाही.

आपल्याकडे असा तपास बाजरीत झाला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, शाळकरी मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीच्या भाकरी काही महिने दिल्या, आणि ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांच्यातली जास्त मुलं त्या कमतरतेतून बाहेर आली. भाकरीने हे होऊ शकतं हा पुरावा महाराष्ट्रातल्याच मुलांच्या रक्तातून मिळालेला आहे.

तुरीचं आणखी एक वेगळेपण लक्षात घ्यायला हवं. ज्वारी-बाजरी जशीच्या तशी दळली जाते, तुरीची आधी डाळ पडते. पोषण संस्थेच्या तक्त्यात अख्ख्या तुरीत लोह सुमारे साडेपाच मिलिग्रॅम आहे आणि डाळीत चार. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तुरीला ओरखडे पाडतात, तेल-पाणी देतात, वाळवतात, मग साल काढून डाळ फोडतात. सालीबरोबर कॅल्शियमचा मोठा वाटा जातो. डाळीला चकाकी आणायला घासतात, तेव्हा दळाचा, म्हणजे सालीखालच्या गराचा, वरचा थर आणि कोंब चुनीत जातो आणि चुनी ढोरांपुढे. पण साल जाणं सगळंच वाईट नाही. सालीतले तुरट पदार्थ लोह अडवतात, मसुरावरच्या प्रयोगांत साल काढल्यावर लोह जास्त सुटं झालेलं दिसलं. म्हणून पैदासकाराने लोह मोजताना अख्खा दाणा मोजून भागत नाही, डाळ पाडून मोजायला हवी, आणि जो वाण दळात लोह साठवतो तो निवडायला हवा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल खेड्यापाड्यांत, बचत गटांकडे आहे. तिच्यावर घरची तूर घरासाठीच काढली, की फार घासायची गरज पडत नाही, कारण घरच्या डाळीला चकाकी कुणाला दाखवायची नसते.

स्वयंपाकघर उरलेलं काम करतं आणि आमच्या बायकांना ते येतं. मूग भिजवून मोड आणले की दाण्यातलं विकर फायटेट फोडायला लागतं. पिठल्यावर, वरणावर ताटात पिळलेलं लिंबू लोह शोषायला मदत करतं, शिजताना टाकलं तर त्याचा जीवनसत्त्वाचा गुण पुष्कळ उडतो. जेवणाबरोबर किंवा लगेच वरून घेतलेला चहा याच्या उलट काम करतो. जेवणानंतर तासभर चहा टाळला तरी फरक पडतो.

आता पुन्हा बाजाराकडे. न दिसणारा गुण शेतात पसरवायचा कसा? आपल्याच भागातली एक गोष्ट यासाठी उपयोगी आहे. १९८५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं विद्यापीठ यांनी मिळून उडदाचा टीएयू-१ हा वाण दिला. टीएयू म्हणजे ट्रॉम्बे, अकोला, उडीद. किरणोत्सर्गाने बदललेलं एक झाड आणि टी-९ हा जुना वाण यांच्या संकरातून तो आला. दाणा टपोरा, उत्पादन चांगलं. तो महाराष्ट्रभर पसरला आणि कित्येक वर्षं उडदाच्या मोठ्या क्षेत्रावर तोच राहिला. शेतकऱ्याला त्यात त्याचं हित दिसलं. समजा त्या वेळी निवडीत लोहाचाही एक रकाना ठेवला असता, तर आज वऱ्हाडातल्या घरोघरी उडदाबरोबर जास्तीचं लोह गेलं असतं आणि कुणाला काही वेगळं करावं लागलं नसतं.

बाजरीत नेमकं हेच केलं गेलं. आयसीटीपी ८२०३ हा शेतकऱ्यांचा आवडता वाण होता. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याच्यातूनच जास्त लोहाची झाडं निवडून धनशक्ती काढला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात दिला, लोह ७१ पीपीएम. शेतकऱ्याला पीक ओळखीचंच होतं. पुढे २०१८ मध्ये बाजरीच्या अखिल भारतीय प्रकल्पाने नियम केला की नव्या संकरित वाणात लोह किमान ४२ आणि जस्त किमान ३२ पीपीएम असलंच पाहिजे, तरच तो पुढे जाईल. मला हा नियम कुठल्याही एका वाणापेक्षा मोठा वाटतो. तूर, हरभरा, मूग यांनाही अशी किमान पातळी हवी. मर आणि वांझ रोग, उत्पादन, कालावधी यांच्या शेजारी एक आकडा लोहाचा. मग पैदासकार लोहाचा वेगळा वाण काढणार नाही, प्रत्येकच वाण त्या पातळीच्या वरचा असेल, आणि शेतकऱ्याला लोहासाठी उत्पादन सोडायची वेळ येणार नाही.

असा वाण आला तरी बियाणं हवंच. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा पायऱ्यांनी ते वाढवावं लागतं. १९७६ मध्ये सुरू झालेल्या महाबीजचं मुख्यालय अकोल्यातच आहे, म्हणजे त्या कामासाठी दूर जायला नको. हरभरा आणि मूग स्वतःच्याच परागाने फळतात, त्यांचं बियाणं शेतकरी दोन-तीन हंगाम घरचं वापरू शकतो, भेसळीची झाडं उपटून टाकली की झालं. तुरीचं तसं नाही. मधमाश्या आहेत, आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडची तूर वेगळी असली की घरच्या तुरीतला गुण पातळ होत जातो. तूर दरवर्षी नव्या प्रमाणित बियाण्याची पेरावी, निदान घरचं बी शेताच्या मधल्या भागातल्या झाडांचं ठेवावं.

आणि एकदा का ती तूर बाजारात गेली, की मिलमध्ये हजार शेतांच्या तुरीत मिसळून जाते. जास्त लोहाच्या डाळीची गोणी वेगळी निघत नाही. म्हणून अशा तुरीचा पहिला उपयोग घरी राहणाऱ्या पोत्यात आहे, त्या दोन-तीन क्विंटलात जे विकायचे नसतात. दुसरा उपयोग मेळघाटातल्या अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत आहे, जिथे डाळ एकाच खरेदीने येते आणि कुठल्या वाणाची घ्यायची हे ठरवता येतं. परतवाडा-अचलपूर भागातल्या शेतकरी गटांनी तो वाण पेरला, बचत गटांनी मिनी डाळ मिलवर त्याची डाळ पाडली आणि ती सेमाडोह-हरिसालच्या रस्त्याने वर गेली, तर तिच्यातलं लोह वाटेत कुठे मिसळून जात नाही, ज्या मुलांसाठी निवडलं त्यांच्याच वाटीत पडतं.